नीलगिरीतलं घर

इथे जर्मनीत, एर्लांगेनच्या आपोथेकेतून, म्हणजे औषधांच्या दुकानातून आणलेली खोकल्याची गोळी तोंडात टाकली आणि नीलगिरीच्या वासासरशी मी बंगळुरूबाहेरच्या व्हाइटफील्डला पोचले. मी तेव्हा लहान होते. नीलगिरीच्या झाडांमध्ये बाबांनी फक्कीने आमच्या घराची आखणी केली होती. स्वयंपाकघराच्या चौकोनात आई उभी राहिली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

“अहो, इथे हळदीकुंकवाला कोण येणार?”

“येतील गं, सगळे येतील,” बाबा हसले.

आले खरंच. झाडं गेली, टॉवर उठले, दारावरून मेट्रो धावायला लागली. आज संक्रांत. आई फोनवर सांगत होती, बायकांना बसायला जागा पुरली नाही.

माझ्या टेबलावर तिळगूळ सकाळपासून तसाच झाकलेला आहे. आईचा तो प्रश्न आज मला पडलाय, आणि ‘येतील गं’ म्हणायला बाबा इथे नाहीत.