कापडातली देवी आणि सारोम

सारोमचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. क्नोरच्या जंगलातल्या पडक्या देवळापाशी मोटारसायकल थांबली, की देवळाची झाडलोट करणारी ही बाई झाडू टाकून आधी मागे बांधलेली पिशवी चाचपायची.

"मावशी, भात आहे आणि सुकी मासळी," लोक काकुळतीला यायचे.

"मग वास येऊ दे की."

तिचं तरी काय चुकलं? लढाईनंतरच्या वर्षांत भिंतींवरच्या अप्सरांचे चेहरे छिन्नीनं उडवून सरहद्दीपार विकले गेले होते. त्यात तिच्या नवऱ्याचा, खुनचाही हात होता, असं गाव म्हणे. खुन मरूनही बरीच वर्षं झाली होती. सारोम त्या बोलण्याकडे काणाडोळा करी.

आता गाभाऱ्यात धड उरलेली मूर्ती एकच, कंबरेएवढी दगडी देवी. तीच या रानाची राखणदार. गावानं तिला पायापासून डोक्यापर्यंत भगव्या कापडात गुंडाळलेलं होतं. ते सोडायचं फक्त नववर्षाला. एरवी सोडलं तर सोडणाऱ्याच्या घरात आजार शिरतो. कापड बदलण्याचा मान सारोमचा होता, आणि या मानाखेरीज तिच्यापाशी मिरवण्यासारखं काहीच नव्हतं.

पाऊस ओसरताना ती मुलीच्या बाळंतपणाला शहरात गेली. परत येऊन गाभाऱ्यात उदबत्ती लावायला वाकली, तर कापडाची गाठ देवीच्या उजव्या अंगाला. सारोम कायम डावीकडे बांधायची. म्हणजे कुणीतरी कापड सोडलं होतं.

पहिला संशय विरेकवर. हा पोरगा परदेशी पाहुण्यांना देऊळ दाखवायचा, आणि देवीला साधा हात जोडायचा नाही.

"काय रे, मी नव्हते तेव्हा आत कुणाला नेलंस?"

"कुणालाच नाही. वाट चिखलात बुडाली होती, मावशी. माकडंसुद्धा आली नसतील."

"माकडांना गाठ मारता येत नाही."

"मग सोडून बघ ना!"

"म्हणजे आजार माझ्या नातवाला होऊ दे, असंच ना?" असं म्हणत ती त्याच्यावर खेकसली खरी, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी ती विहारात गेली. तिथले पूजाविधी सांभाळणाऱ्याला 'आचार' म्हणत; सध्याचे आचार म्हणजे म्हातारे फ्लोंग. कापड सोडायची परवानगी तिनं मागितली.

"नववर्षाला सोड," आचार म्हणाले. गाठ कशी होती, कुणी पाहिली, एका शब्दानं विचारलं नाही. एरवी नारळ हरवला तरी दिवसभर चौकशी करणारा माणूस! सारोमचा संशय आता थेट आचारांवर गेला.

ती तडक देवळात आली. पाठोपाठ आचारही काठी टेकत, धापा टाकत आले. तिनं मनातल्या मनात देवीची माफी मागितली, नातवासाठी गयावया केली आणि गाठ ओढली.

आत झाडाचं खोड होतं. वर डोक्याच्या जागी वाळका भोपळा.

"चोर!" ती आचारांवर ओरडली. "विकलीत ना?"

"विकली नाही, लपवली. मूर्तिचोर या भागात फिरताहेत, अशी खबर होती. देवीची क्षमा मागून विहारातल्या पोरांकडून हलवली."

"आणि मला सांगितलं नाही? माझे केस पांढरे झाले इथं झाडता झाडता!"

आचारांनी खाली पाहिलं. "तू गेल्यावरच हलवायची असं ठरलं होतं. खुनचं अजून सगळ्यांना आठवतं, बाई."

 एवढी लाज सारोमला नवऱ्यावर आळ आला तेव्हाही वाटली नव्हती. तिनं विचारलं, "आता तरी सांगा. कुठंय ती?"

"कापड नीट गुंडाळ," आचार म्हणाले. "लोक नवस बोलायला येतील."

ती खोडाभोवती कापड गुंडाळू लागली. आचार उंबऱ्यातून हलले नाहीत. तिचं होईपर्यंत तिच्या हातांवर नजर ठेवून उभे राहिले.