नळीखालचा पुठ्ठा

वेलदोड्याच्या पावाची वेणी अर्ध्यावर आली होती. डावा पदर सैमाच्या बोटांत होता, तेवढ्यात अर्वो मागच्या दाराने आला आणि बूट न काढता पायपुसण्यावरच उभा राहिला.

"दुकानात कार्ड लावून आलोय," तो म्हणाला. "रायफल विकायची आहे म्हणून."

सैमाच्या हातातला पदर तसाच लोंबकळत राहिला.

"कुणाला विचारून?"

"माझ्या बापाची रायफल. विचारायचं कुणाला? तो तर वर जाऊन बसलाय."

"आणि पंधरा नोव्हेंबरला काय करणार? माझ्याबरोबर मोजे विणत बसणार?"

"शिकव की. तेवढ्याला डोळे पुरतील अजून." एवढं बोलून तो लाकडं फोडायला निघून गेला. सैमाने वेणी कशीबशी पुरी केली. एक बाजू जाड, एक बारीक. भट्टीत घालताना तिलाच तिची लाज वाटली.

पंधरा नोव्हेंबरला हरणांचा मोसम सुरू होतो. उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या तांब्याच्या खाणींच्या गावांत त्या दिवशी शाळाही भरत नाहीत. अर्वो बारा वर्षांचा असल्यापासून एकही पंधरा नोव्हेंबर घरात बसला नव्हता. बापाने एकोणपन्नास साली खाणीच्या पगारातून घेतलेली रायफल, आणि बापाचाच नियम: एक काडतूस, एक हरीण. दगडाच्या खाणीत जाऊन कागदावर नेम तपासणं म्हणजे बापाच्या लेखी काडतुसं उधळणं. रायफलीचा नेम कधी हलला नाही, म्हणून अर्वोनेही कधी तपासली नाही. सहा पोरं त्या हरणांच्या मटणावर मोठी झाली आणि कारखान्यांच्या शहरांकडे पांगली.

गेल्या वर्षी मात्र घात झाला. देवदारांच्या दलदलीच्या कडेला, दीडशे पावलांवर, मोठं शिंगवालं हरीण उजवीकडे तोंड करून आडवं उभं होतं. अर्वोने खांद्यामागे नेम धरला, बार काढला आणि गोळी लागली पोटात. दोन दिवस तो बर्फातल्या रक्तामागे चालला. तिसऱ्या दिवशी नवा बर्फ पडला आणि माग पुसला गेला. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर ते हरीण ओढ्याकाठच्या झुडपांत सापडलं, सैमाच्या बटाट्याच्या वाफ्यापासून हाकेच्या अंतरावर. कोल्ह्यांनी अर्धं खाल्लेलं. अर्वो घरात येऊन एकच वाक्य बोलला, "इथवर आलं, म्हणजे बरेच दिवस ते जगलं असावं." त्यानंतर त्याने रायफलीला हात लावला नाही. डोळे गेले, हात कापतो, आता आपण माणसांत जमा नाही, हे त्याने मनाशी पक्कं करून टाकलं.

सैमाला ते पटत नव्हतं. रविवारी प्रार्थनाघरात मागच्या बाकावरून पाटीवरचे गाण्यांचे आकडे सगळ्यांत आधी अर्वोच वाचायचा. कॉफीचा कप काठोकाठ भरून दिला तरी बशीत थेंब सांडत नव्हता. डोळे ठीक, हात ठीक. मग म्हातारी झाली असेल ती रायफलच, आणि म्हातारपणावर थोडाफार तरी इलाज असतोच.

मंगळवारी अर्वो रस्त्याच्या कामावर गेला. सैमाने रायफल घोंगडीत गुंडाळली, गाडीत ठेवली आणि ओन्नीकाकांच्या शेडपुढे जाऊन उभी राहिली. ओन्नीकाका अर्वोच्या बापाबरोबर खाणीत उतरलेले. आता ऐंशी ओलांडलेले, विधुर. गावातल्या निम्म्या बंदुका त्यांच्या हाताखालून गेलेल्या.

"ये पोरी. नवऱ्याला मारायचं असेल तर लाटणं पुरतं, एवढी मोठी बंदूक कशाला?"

"काका, हिचा नेम सुटलाय. नवी दुर्बीण, नवी नळी असलं काही परवडायचं नाही. थोडक्यात काय होईल ते करा."

"थोडक्यातच होतं गं सगळं. म्हाताऱ्या बंदुकीला आणि म्हाताऱ्या माणसाला नवं काही नको असतं. घासपूस हवी, घट्ट बसायला जागा हवी." काकांनी नळीतून औषधात भिजवलेली चिंधी ओढली. ती हिरवीगार होऊन बाहेर आली. "हे बघ. गोळ्यांचं तांबं. ही नळी कधी घासली नाही कुणी आतून."

एकामागून एक दहा-बारा चिंध्या झाल्या. मग त्यांनी खिशातून एक डॉलरची नोट काढली आणि लाकडी दस्ता आणि नळी यांच्यामधून सरकवायला लागले. उजवीकडून नोट सरळ गेली, डावीकडे मध्येच अडली.

"लाकूड फुगलंय. नळीला एका बाजूने ढकलतंय. दस्त्याला तेल कुणी पाजलं?"

"गेल्या वर्षी, अर्वोच्या साठीला... मी," सैमा म्हणाली.

"बाहेरून छान दिसतोय हो. आतूनही पाजलंस?"

"आतूनही."

काका हसले आणि खालचे दोन स्क्रू काढायला बसले. पेचकसाला जोर लावावाच लागला नाही. "हे तर बोटाने फिरतायत! मुलाबाळांच्या खेळण्याचे आहेत का?" त्यांनी नळी दस्त्यातून उचलली, उलटी केली आणि खिडकीच्या उजेडात धरली. टोकाकडच्या भागात नळीच्या पोटाला एक चौकोनी डाग होता, टपालाच्या तिकिटाएवढा, भोवतालच्यापेक्षा काळा आणि नितळ.

"इथे पुठ्ठा होता," काका म्हणाले. "मीच बसवलेला. पन्नास साली अर्वोचा बाप घेऊन आला होता, गोळ्या चार दिशांना जातात म्हणून. कॉफीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, दोन घड्या घातल्या, नळीखाली ठेवला आणि स्क्रू आवळले. तेव्हापासून हलली नव्हती ती. कुठे गेला तो?"

सैमाला सगळं आठवलं. साठीच्या आदल्या आठवड्यातली दुपार. ओट्यावर अंथरलेलं वर्तमानपत्र. दस्त्याच्या खोबणीत चिकटलेला तो काळा, तेलकट, घाणेरडा तुकडा. उंदराचं घरटंच असावं अशा किळसेने तिने तो सुरीच्या टोकाने खरवडला आणि चुलीत टाकला. वर लाकडाला जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, चुलीपाशी वाळवलं आणि स्वयंपाकघरातल्या पेचकसाने स्क्रू लावून दिले. अर्वो म्हणाला होता, "नवरी नटवलीस की." प्रार्थनाघराच्या मंडळीतल्या बायका तिला चिडवायच्या, सैमा स्वर्गात गेली की देवाला भेटायच्या आधी पायऱ्या पुसेल. त्या चिडवण्याचा तिला मनातून अभिमान होता.

"उंदराने नेला असेल," काका आपणच म्हणाले.

"असेल," सैमा म्हणाली.

तीन अक्षरं. पण घरी परतताना गाडीत ती तीन अक्षरंच तिच्या शेजारच्या सीटवर बसून आली.

पुढचे दोन दिवस, अर्वो बाहेर असताना, काम झालं. काकांनी बारीक पॉलिश कागद काठीला गुंडाळून डावीकडचं फुगलेलं लाकूड घासलं. सैमाने अर्वोच्या फाटक्या पँटचे पाय कापून शिवले आणि त्यांत वाळू भरली, रायफल टेकवायला. दगडाच्या खाणीत काकांनी कागद लावला. शिळं-ताजं मिसळायचं नाही, एकाच डबीतली काडतुसं वापरायची, प्रत्येक गोळीनंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, हे त्यांचे नियम. पुठ्ठ्याशिवाय तीन गोळ्या पंजा फाकवल्याएवढ्या लांब-लांब गेल्या, तिन्ही डावीकडे. म्हणजे खांद्यामागे धरलेला नेम पोटात.

सैमाने तो कागद पाहिला आणि वाळूच्या पिशवीवरच बसली.

"थकलीस?"

"नाही, काका. तुम्ही करा."

मग पुठ्ठ्याची एक घडी, गोळ्या थोड्या जवळ आल्या. दोन घड्या, आणखी जवळ. तीन घड्या घातल्या तर पुन्हा विखुरल्या. काका पुन्हा दोनवर आले, स्क्रू पुढचा आधी, मागचा नंतर असे आवळले. तीन गोळ्या कॉफीच्या कपाच्या तोंडात बसतील एवढ्यात एकत्र. मग दुर्बिणीवरच्या नेम सरकवायच्या स्क्रूची टोपी काढून तो चार खटके फिरवला आणि तो घोळका कागदाच्या मधोमध आणला.

"बघ. डझनभर चिंध्या, एक पुठ्ठा आणि तुझ्या नवऱ्याची पँट. यापेक्षा स्वस्त डॉक्टर मिळणार नाही."

"काका, पैसे..."

"निसू भाजतेस ना, तो वेलदोड्याचा पाव? एक वेणी आण. सरळ गुंफलेली."

शुक्रवारी दुकानातून फोन आला. रविवारी कुणीतरी माणूस रायफल बघायला येणार होता. अर्वोने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि आपल्या जेवणाकडे बघत बसला. सैमाने आपलं ताट उचललं. गोष्ट तर सोपी होती. कागद दाखवायचा, उंदराने पुठ्ठा नेला म्हणायचं. रायफल वाचली, अर्वो वाचला, कुणाचंही काही गेलं नाही. उंदीर तर स्वतः ओन्नीकाकांनीच सुचवलेला. रात्रीची प्रार्थना म्हणताना मात्र "आमच्या ऋण्यांस आम्ही क्षमा करतो" इथे तिची जीभ अडखळली, आणि ती पुढचं न म्हणताच आमेन म्हणून मोकळी झाली. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

शनिवारी दुपारी सौनाची, वाफेच्या न्हाणीघराची, चूल पेटली. वाफ घेऊन दोघं लाल चेहऱ्यांनी स्वयंपाकघरात कॉफीला बसले. सैमाने घोंगडी उघडून रायफल टेबलावर ठेवली. शेजारी दोन कागद.

"हे काय?"

"ओन्नीकाकांकडे नेली होती. हा आधीचा कागद, हा नंतरचा. तुझे डोळे गेले नव्हते, अर्वो. नळीखाली पुठ्ठा होता, बाबांच्या वेळचा. तो जागेवर नव्हता. काका म्हणतात... उंदराने नेला असेल."

अर्वोने दोन्ही कागद उचलले. तीन भोकांवरून अंगठा फिरवला. आणि मग तो हसायला लागला. वर्षभरात पहिल्यांदा, पोट धरून.

"उंदीर? तुझ्या घरात? अगं, तुझ्या घरात उंदीर आला तर आधी पाय पुसून यावं लागतं त्याला! उद्या मंडळीत सांगतो सगळ्यांना. सैमाच्या घरात उंदीर!"

तो थट्टा करत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सैमाला ते हसू बघवेना. आपण एक सबंध वर्ष त्याच्याकडून काढून घेतलं आणि आता त्याचं हसूही फसवून परत देतोय.

"उंदीर नव्हता," ती म्हणाली.

"हं?"

"मी होते. साठीला दस्ता घासला ना, तेव्हा. घाण समजून काढला. चुलीत टाकला. लाकूडही माझ्याच तेलाने फुगलं. स्क्रूही माझ्याच हाताचे. मंगळवारी मला कळलं, आणि मी काकांना असेल म्हणाले."

अर्वोचं हसू उतरलं. त्याने कागद खाली ठेवले.

"दोन दिवस चाललो मी त्याच्यामागे," तो हळू म्हणाला. "एका ठिकाणी ते बसलं होतं. बर्फात खड्डा होता आणि त्यात..." तो थांबला. "मला वाटायचं, हे माझं म्हातारपण."

"ठाऊक आहे."

"नाही, तुला ठाऊक नाही."

तो उठून बाहेर गेला. लाकडं फोडल्याचा आवाज येत राहिला, फोडायला काही उरलं नव्हतं तरी. सैमा कप विसळत राहिली. एकच कप तिने तीनदा विसळला.

अंधार पडायच्या आत तो परत आला. टोपी काढून खुंटीला लावली.

"नेम मीच तपासायला हवा होता," तो म्हणाला. "वर्षातून एक काडतूस जाळलं असतं तर बापाचं काय बिघडलं असतं? ते तुझ्यावर टाकणार नाही मी."

"मला तू माफ कर, अर्वो."

त्यांच्या मंडळीत हे असंच मागायचं असतं, माणसाने माणसाकडे, तोंडाने, आणि समोरच्यानेही ते तोंडानेच द्यायचं असतं. अर्वोने तिच्या मानेवर हात ठेवला. हाताला ओल्या लाकडाचा वास होता.

"येशूच्या नावाने आणि रक्ताने तुझी पापं क्षमा झाली, विश्वास ठेव," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "आता मला."

तिनेही त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तेच शब्द म्हटले. शब्द खरे होते, तिचा त्यांच्यावर विश्वास होता. तरी खिडकीतून ओढ्याकाठची ती झुडपं दिसत होती, आणि त्या हरणाकडे जाऊन मागायची सोय कुठल्याच मंडळीत नव्हती. ते ओझं तिच्याजवळ राहणार होतं. अर्वोजवळही.

"ते कार्ड मी सोमवारी काढतो," अर्वो म्हणाला. "त्या माणसालाही फोन करून सांगतो, येऊ नको."

"पंधराला जाशील?"

"जाईन. आधी तीन काडतुसं खाणीत उडवीन, मग जाईन. तू येशील कागद लावायला?"

"येईन."

तिने पीठ भिजवायचं भांडं खाली काढलं. या वेळी तिन्ही पदर सारख्या जाडीचे झाले. उद्या प्रार्थनेनंतर वेणी फडक्यात गुंडाळून ओन्नीकाकांकडे जायचं होतं, उंदीर नव्हता हे सांगायला.