अँजिओग्राफीनंतरचा अंधार

रुसे शहरातल्या योर्दान्काबाईंचं आयुष्य शिवणयंत्रावर गेलं. त्या सप्टेंबरात जिना चढताना छाती दाटून यायला लागली, तसं नवऱ्याने, स्पासने, त्यांना बळेबळेच इस्पितळात नेलं. घरी हिवाळ्याच्या साठवणीसाठी आणलेल्या पोतंभर लाल मिरच्या भाजायच्या राहिल्या होत्या. बाई आधीच चिडलेल्या.

"मनगटातून बारीक नळी घालायची, औषध सोडून रक्तवाहिन्यांचे फोटो काढायचे. झालं," डॉक्टर मिनेवाबाई म्हणाल्या.

वाहिन्या स्वच्छ निघाल्या. पण खाटेवर परत आणल्यावर योर्दान्काबाईंचं डोकं ठणकू लागलं.

"दिवे कोणी घालवले?" त्या करवादल्या.

"भर दुपार आहे, मावशी," नर्स म्हणाली. "दमलात तुम्ही. डोळे मिटून पडा जरा."

"मिटले काय नि उघडले काय, सारखंच आहे. डॉक्टरला बोलाव."

मिनेवाबाईंनी बॅटरी मारून पाहिली. "बाहुल्या तर नीट हलताहेत."

"बाहुल्यांना दिसत असेल. मला नाही दिसत."

मग मेंदूचा स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता. फोटोसाठी सोडलेलं औषध मेंदूच्या पाहण्याच्या भागाला बाधलं होतं. बहुतेक उतरेल, फार दुर्मीळ आहे, असं मिनेवाबाईंनी सांगितलं. त्यानंतर जो डॉक्टर येई तो 'फार दुर्मीळ' असंच म्हणे, आणि आवाजात कौतुक असे.

"बारसं आहे का माझं?" बाई स्पासवर खेकसल्या. तो दही भरवत होता. चमचा हनुवटीला लागला. "तोंड वर आहे. तुला तरी दिसतंय ना?"

त्याने हनुवटी पुसली. बाईंची बोटं चादरीच्या काठावरून फिरत होती. टीप वाकडी होती, ते बोटांना कळलं. सुईत दोरा मात्र बोटांनी ओवता येणार नव्हता. त्यांनी चाचपडत स्पासचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी करडी दिसली. दुपारपर्यंत स्पासची वाढलेली दाढी दिसली, संध्याकाळी रंग आले.

"असं होऊ शकतं हे आधी तोंडी सांगायला हवं होतं मी," मिनेवाबाई म्हणाल्या. "सही केलेल्या कागदावर होतं, पण..."

"त्या मुंगीएवढ्या अक्षरात? ते मला धडधाकट डोळ्यांनीही वाचता आलं नसतं. बरं, छातीत दाटतं ते कशानं?"

"हृदय ठीक आहे. बहुधा पित्त असावं."

योर्दान्काबाईंनी कपाळाला हात लावला. "पित्त. पित्तासाठी आंधळी केलीत मला."

बाहेर पायऱ्यांवर स्पासने त्यांचा दंड धरला.

"सोड, दिसतंय मला."

त्याने सोडला नाही. बसथांब्यापर्यंत त्या पुटपुटत राहिल्या, पण हात काही झटकला नाही.