गाडी हवा घेतेय

विठ्ठलवाडी डेपोच्या मागे बबन मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक खड्डा. एक्क्याऐंशी सालापासून पार बदलापूरच्या फियाट तिथे कार्बुरेटर लावून घ्यायला येत. बबन स्क्रूड्रायव्हर घेऊन इंजिनाला कान लावायचा, तेव्हा शेजारच्या टपरीवरचा सोमा आपला भरभरणारा स्टोव्ह आपणहून बंद करी. पाव फेरा इकडे, त्याच्या निम्मा तिकडे. मग प्लग काढून बघायचा. रंग दुधाच्या चहासारखा असला तर पेट्रोल आणि हवेचं प्रमाण बरोबर. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे हवा जास्त. एवढ्या शास्त्रावर त्याने अठरा वर्षं काढली आणि एका मुलीला नर्स केलं.

मी आनंदनगरच्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर. माझं वाचन दांडगं आहे हे सर्वांना ठाऊक आहे; मीच ते सर्वांना सांगितलेलं आहे. नव्व्याण्णव साली मी इंजेक्शनवाली गाडी घेतली आणि गाडीपेक्षा जाड असं इंजिनावरचं एक पुस्तक घेतलं. मग बबनला शिकवायला गेलो.

"कार्बुरेटर गेला, बबनराव. आता धुराच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. तो धुरात हवा किती उरली ते हुंगतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो."

"म्हणजे माझ्या कानाचं काम तो नाकाने करणार."

मला गहिवरून आलं. दुसऱ्याच्या पोटावर पाय येताना बघून मला नेहमीच गहिवरून येतं, आणि मग मी फॉर्म आणतो. आमच्या स्टोअरमध्ये हेल्परची जागा होती. अर्ज मीच भरला; सही तेवढी त्याची राहिली. बबनने तो चार घड्या घालून खिशात ठेवला. "सोमवारपर्यंत थांबा साहेब. एक तरी नवी गाडी हाताखालून जाऊ द्या. नाही जमली तर गॅरेज बंद. सही करून टाकतो."

ती गाडी माझीच निघाली. दिवाळीपासून ती पेट्रोल ढोसत होती आणि मागून काळा धूर टाकत होती. मी पुस्तक उघडून मीटर लावला. सेन्सर सांगत होता, धुरात हवा जास्त, पेट्रोल वाढवा. सेन्सर खोटा, असा निकाल देऊन मी कॅम्प एकच्या बाजारातून नवा आणला. नवाही तेच सांगू लागला. मग मी कॉम्प्युटरला दोषी ठरवलं. "आता इंजिनच काय ते उरलंय," आमच्या सौभाग्यवती कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही."

शनिवारी सकाळी गाडी बबनकडे नेली. त्याने आधी प्लग काढला. कोळशासारखा.

"बघा," मी म्हणालो. "प्लग म्हणतो अजीर्ण झालंय, सेन्सर म्हणतो उपाशी आहे. दोघांतला एक खोटारडा."

बबन बराच वेळ प्लग फिरवत राहिला. "दोघं खरं बोलत असतील तर?"

हा प्रश्न माझ्या पुस्तकात नव्हता.

"तुम्हीच म्हणालात ना, तो पाइपातली हवा हुंगतो. पण ती इंजिनातूनच आली हे त्याला कोण सांगणार? सोमा, स्टोव्ह."

स्टोव्ह बंद झाला. बबनने गार इंजिन चालू केलं, मला मागच्या नळकांडीवर ओलं फडकं दाबून धरायला लावलं आणि स्वतः पाइपाच्या सांध्यांवर साबणाचं पाणी सोडत गेला. सेन्सरच्या जरा अलीकडे, इंजिनाला पाइप जोडतात तिथे, बुडबुडे आले.

"गाडी हवा घेतेय साहेब. मागची वाट दाबली म्हणून आता धूर बाहेर आला; एरवी धुराच्या झोताबरोबर इथून बाहेरची हवा आत जाते, सेन्सर ओरडतो हवा आली, कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल ओततो. इथे कोणी हात घातला होता?"

मी फडकं आणखी घट्ट दाबलं. दिवाळीच्या सुट्टीत पाइप उतरवून मीच साफ केला होता. सांधा उघडला की मधलं, फट बुजवणारं गॅस्केट नवीनच टाकावं, असं पुस्तकात छापलेलं आहे. त्या पानावरच्या बाकी सगळ्या ओळी मी अधोरेखित केलेल्या आहेत.

"होता कोणीतरी," मी म्हणालो.

"वाचलेला माणूस असणार," बबन म्हणाला. "नट बरोब्बर आवळलेत."

त्या मापाचं गॅस्केट बाजारात नव्हतं. पत्र्यातून कापायला छाप हवा होता. "जाड कागद आहे का?" त्याने विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच्या खिशातून एक काढला. सांध्यावर ठेवून वरून हातोडीने हलके ठोके मारले. काजळीची गोल कड उमटली, नटांची भोकं पडली. तासाभरात गाडी निघाली. धूर नाही. संध्याकाळी अंबरनाथला जाऊन आल्यावर त्याने प्लग काढून दाखवला. चहा, जरा कमी दुधाचा.

सोमवारी स्टोअरच्या साहेबांनी अर्ज मागितला. मी बबनकडे गेलो, तर अर्ज खिळ्याला टांगलेला होता. माझ्या सुवाच्य अक्षरातलं त्याचं नाव, वय, अनुभव सगळं शाबूत होतं. फक्त सहीच्या जागी आरपार भोक होतं.

"राहू द्या तिथेच," बबन म्हणाला. "या मॉडेलची दुसरी गाडी आली की लागेल."