फोटोपुरती विधवा

"डोरलं काढ. कपाळ बी पूस. फोटोपुरतंच गं."

अक्का हसत म्हणाल्या. लातूरच्या मंगल कार्यालयात, स्टेजमागच्या खोलीत. अक्का म्हणजे आमच्या दालमिलच्या मालकीणबाई. मी तिथं डाळ निवडायची. सकाळी त्यांचा निरोप आला होता, शिलाई मशीन मिळतंय, ये. रिक्षात घालून न्यायला नवराही आला. बॅनरवर काय लिहिलंय ते इथं आल्यावर वाचलं. 'निराधार विधवांना मदत.'

"अक्का, माझा नवरा हाय की."

"हाय गं. पण कमावतोय का? मग झालं तर."

कमावणार कशानं? त्यांच्याच मिलच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात गेला. मलमपट्टी केली त्यांनी. भरपाईचं नाव काढलं की मालक म्हणायचे, बघू.

मशीन मला हवं होतं. लई हवं होतं. मी दारात जाऊन नवऱ्याला विचारलं.

"काढ," तो म्हणाला. "मी काय त्यानं मरत न्हाई."

काढलं. मुठीत धरलं. कपाळ पदरानं पुसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी स्टेजवर गेले.

माइकवरचा माणूस म्हणाला, "पतीच्या निधनानंतर एकटीनं झुंजणाऱ्या या भगिनीला अक्कांनी आधार दिला." टाळ्या पडल्या. मागं शेवटच्या रांगेत नवराही टाळी वाजवत होता. एका हातानं, मांडीवर. स्वतःच्या मरणाला.

माझं डोकं फिरलं. तिथंच सगळं कळलं. हात तुटलेला माणूस जिवंत असला की कुणीतरी विचारतं, कुठं तुटला? मेलेल्याचं कोण विचारतंय? शिवाय मशीन भरपाईपेक्षा स्वस्त पडतं. वर गळ्यात हार, पेपरात फोटो.

सगळ्यांसमोर मी डोरलं गळ्यात घातलं.

"माझा नवरा जित्ता हाय. त्ये बघा, मागं बसल्यात. ह्यांच्याच मिलमधी हात गेलाय त्यांचा."

माइक बंद झाला. मशीन दुसरीला गेलं. दुसऱ्या दिवशी मिलच्या गेटवर मला अडवलं. बाकीच्या मिलवालेही आता मला दारात उभं करत नाहीत. नवरा म्हणतो, हाती आलेलं मशीन घालवलंस. खरं आहे. काही सुटलं नाही, आणि सुटेल असं वाटतही नाही.

आता अक्का ब्लँकेटं वाटणार आहेत म्हणे. मी जाणार. पहिल्या रांगेत बसणार, ब्लँकेट घेणार नाही. नवरा येत नाही म्हणतोय. नको येऊ दे. मी एकटी बसेन, डोरलं पदरावर सगळ्यांना दिसेल असं घालून. हाकललं तर पुढच्या वाटपाला पुन्हा जाईन. माझ्या जित्या नवऱ्याला मारून त्यांना पुण्य कमवू देणार नाही.