बांधावरची अदलाबदल

माझे वडील आणि चुलते यांची वाटणी झाली तेव्हा खालचा एकर चुलत्यांच्या नावावर आला आणि माळाकडचा एकर वडिलांच्या. चुलत्यांना घर बांधायला कडक जमीन हवी होती, वडिलांना कसायला काळी. दोघांनी बांधावर नारळ फोडला आणि एकर बदलून घेतले. सातबारा तसाच राहिला आणि त्यांच्यामागे तसाच माझ्या आणि चुलतभावाच्या नावावर आला. मी दूध संघात हिशेबाचं काम करतो. मला हे कायम खटकायचं. भावाभावांतल्या अशा अदलाबदलीला सरकारने मुद्रांक शुल्कात सवलत दिली, तेव्हा मी चुलतभावाला दोनदा म्हणालो, नोंद करून घेऊ. आधी त्याचा कांदा निघायचा होता. नंतर माझ्या मुलीची परीक्षा होती.

मग रस्त्यासाठी भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाली. त्यात खालच्या एकराचा गट होता. ती निघाली की त्या गटात खरेदी-विक्री, अदलाबदल, काहीच करता येत नाही. मी ते कलम वाचलं, पुन्हा वाचलं आणि जेवायला बसलो.

मोजणीला माणसं आली. डाळिंबाची एकशे बारा झाडं मी लावलेली, विहीर वडिलांनी खोदलेली.

"मालक कोण?" मोजणीदाराने विचारलं.

मी चुलतभावाकडे बोट दाखवलं. त्याने माझ्याकडे.

"एकमेकांना बक्षीस देताय का?" मोजणीदार हसला. "आधी ठरवा, मग बोलवा."

"लावली यानं," चुलतभाऊ म्हणाला. "नाव माझं हाय."

"मग तुमचीच धरतो."

झाडं आणि विहीर त्याच्या नावावर चढली. मोजणीदाराने एकशे दहा मोजली होती. दोन राहिली, असं मी सांगितलं. त्याने पुन्हा मोजून एकशे बारा केली.

संगमनेरला प्रांत कार्यालयात सुनावणी होती. आम्ही एकाच मोटारसायकलवरून गेलो. मी हरकत घेतली असती तर वाद लागला असता, मोबदला भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा झाला असता आणि निकाल लागेपर्यंत तिथेच राहिला असता. शिवाय वहिवाट आणि सातबारा यांचं भांडण एकदा उघडलं की चुलतभावाचं घरही त्यात आलं असतं, कारण ते माझ्या नावाच्या जमिनीवर आहे. त्या घरात काकू अजून राहतात.

"कुणाची काही हरकत?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

बाहेर चहा घेताना चुलतभाऊ म्हणाला,

"पैसं आलं की तुझ्या खात्यावर टाकतो. माझा शब्द हाय."

"बरं, दादा."

"एक काम कर. घराखालचा एकर अधिसूचनेत न्हाई. तेवढा आधी माझ्या नावावर करून दे. पोरं मागं लागल्यात. म्हनत्यात, आपलं घर दुसऱ्याच्या रानात हाय."

त्याच्या पोरांचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. तो एकर हा माझ्या हातातला शेवटचा कागद, हे त्याला कळत होतं आणि मलाही. मोबदला येईपर्यंत थांबू, असं म्हणता आलं असतं. मी बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून तळाशी गेलं.

"कधी जायचं?" मी विचारलं.

"सोमवारी बाजार हाय. मंगळवारी?"

मंगळवारी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो निघाला, अंगठा उमटला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "त्याच्याकडून काही लिहून घेतलं का?"

"नाही."

ती कणीक मळत होती. मळत राहिली.

मोबदला अजून आलेला नाही. ताबा जाईपर्यंत खालचा एकर मीच कसायचा, असं आमचं ठरलंय. तेही तोंडीच. आज वीज सकाळची होती. मी विहिरीवरची मोटार चालू केली आणि डाळिंबाला पाणी दिलं. झाडांना फळं दर वर्षीसारखीच लागलीत.