पोत्याच्या जागी इरीदे

माझ्या शेजारच्या सीटवर वाळूची पोती बसतात आणि मला तीच आवडतात. ती बोलत नाहीत, वळणावर किंचाळत नाहीत, ‘जरा हळू घ्या’ म्हणत नाहीत. इटलीत मोडेनाजवळच्या आमच्या कारखान्यात वर्षाकाठी मोजक्याच गाड्या होतात आणि एकेकीच्या किमतीत माझं गाव चर्चसकट विकत घेता येईल. गाडी गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी डोंगरात पळवून तिच्यातली खोट शोधायची, हे माझं काम. चाचणीला शेजारी माणसाइतकं वजन लागतं, म्हणून पोती. असा मी माणूसघाणा, आणि तरी इरीदे पोत्याच्या जागी बसली त्या दिवसाबद्दल आपणहून सांगायला बसलोय.

इरीदे कार्बनचं कापड बसवायची. आमच्या गाडीचं अंग पत्र्याचं नसतं. काळं, चिकट कापड साच्यात थरावर थर दाबून बसवायचं आणि भट्टीत भाजायचं, की ते लोखंडाला भारी पडतं. नुसतं ऐकायला सोपं आहे. मी एकदा हात लावून बघितला, तर कापड माझ्या कोपरापर्यंत चिकटलं आणि ती पोट धरून हसली. कोपऱ्यात कापड दुमडताना तिचा अंगठा थेट तिच्या आईसारखा चालायचा. आईने डोंगरातल्या खाणावळीत जन्मभर सारण भरून करंजीसारख्या इवल्या तोर्तेल्लिनी वळल्या.

ती वर डोंगरातल्या मोंतेफोल्को गावची. वडिलांचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं, आणि ही पोरगी स्वयंपाकघरापेक्षा गाडीखालीच जास्त सापडायची. पण वडील थकले तेव्हा किल्ली थोरल्या भावाच्या, एर्मेसच्या हातात गेली. पोरीच्या हातात पाना शोभत नाही, म्हणाले. मी एका शब्दाने भांडले नाही, असं इरीदे सांगते. गावात विचारलं तर वेगळंच कळतं. तिने बस पकडली, खाली आली आणि आमच्याकडे लागली.

एर्मेसने पुढे गॅरेजला लागून कॉफीचा बार टाकला. रविवारी इरीदे घरी जायची आणि हा दारातूनच ओरडायचा, “आली आमची शिंपीण! काय गं, या आठवड्यात किती गाड्या शिवल्यास?”

बाकावरची म्हातारी मंडळी हसायची. मग ठरलेला दुसरा प्रश्न. “आणि आलीस कशाने?”

“बसने.”

“बघा. जगातली सगळ्यात महाग गाडी बनवते आणि येते बसने.”

तीस वर्षं हा एकच विनोद, आणि तीस वर्षं तीच माणसं हसतात. आमच्या डोंगरात करमणूक कमी. इरीदे म्हणायची, एक दिवस तिच्यातच बसून येईन. तो म्हणायचा, ये की, कॉफी फुकट पाजतो. ‘एर्मेसची कॉफी फुकट मिळणं’ ही त्या गावात अशक्य गोष्टीसाठीची म्हणच होती.

इरीदेची सगळी मेहनत एरवी रंगाखाली गडप व्हायची. पण तिच्या निवृत्तीच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने हट्ट धरला, रंग नको, कापडाची वीणच दिसू दे. मग लपायला जागा नाही. दोन्ही अंगांची तिरकी वीण बॉनेटच्या मधोमध येऊन मिळायला हवी, नाकापासून काचेपर्यंत एक सरळ रेघ. इरीदे त्याला भांग म्हणायची. तो भांग तिने किती वेळा उखडून पुन्हा बसवला याचा हिशोब नाही. शेवटी जमला तेव्हा तिने दिवा तिरपा धरून सगळ्यांना बोलावून दाखवला.

तिचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. शनिवारी गाडी पेटीत बंद होऊन समुद्रापार निघायची होती, एका हौशी माणसाच्या कुलूपबंद तळघरात. तिथे अशा आणखी बऱ्याच उभ्या आहेत. हे लोक गाडी घेतात कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

“म्हणजे हिला बघणार कोण?” इरीदेने मला विचारलं.

“त्याचा रखवालदार.”

तिने भांगावरून फडकं फिरवलं. मग म्हणाली, “नेव्हियो, मला एकदा हिच्यातून घरी जायचंय. एर्मेसने बघितली पाहिजे. पुन्हा अशी गाडी माझ्या हातून होणार नाही.”

तिने आमच्या साहेबांना, इंजिनियर मालागोलींना विचारलं. माणूस वाईट नाही, पण इंजिनियर आहे. “इरीदेबाई, गाडी आता आपली राहिली नाही. चालवणाऱ्याशिवाय कुणी बसायचं नाही, नियम आहे.” ती परत आली आणि कात्री पुसत बसली. कात्री आधीच स्वच्छ होती. मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो. त्या दिवशी मी विनाकारण तिघांशी भांडलो.

शुक्रवारी सकाळी शेवटच्या चाचणीसाठी मी पोतं सीटवर ठेवलं आणि त्याची शिवण उसवली. कशी, ते मला विचारू नका. सायीच्या रंगाचं कोरं चामडं, आणि त्यावर वाळू. मालागोलींचा आवाज ऐकून रंगखात्यातली माणसंसुद्धा बाहेर आली. चामडं झटकून पुसून झालं, पण उरलेली पोती तेलकट.

“आता वजन कुठून आणू?” साहेब डोकं धरून म्हणाले.

“मी आहे की,” इरीदे म्हणाली.

“अहो, नियम...”

“नियम माणसांना. मी वजन म्हणून बसते. आणि मी गळत नाही.”

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. “क्लाउदिओ, तू बस.”

क्लाउदिओ इंजिन जुळवतो. या गाडीत बसायला मिळावं म्हणून तो सख्ख्या सासूला विकेल. तो खाली बघून म्हणाला, “मला गाडी लागते, साहेब.”

“मलाही,” चामडं शिवणारा म्हणाला.

“मला तर फारच,” रंगवाला म्हणाला. जन्म गाड्यांत गेलेल्या त्या कारखान्यात एकाएकी सगळ्यांनाच गाडी लागायला लागली. साहेब काही खुळे नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“वजन किती तुमचं?”

“बाईमाणसाला हे विचारतात का?”

“मग पोतं होऊ नका.”

“त्रेसष्ट.”

“बहात्तर पाहिजे.”

इथे घोडं अडणार होतं. पण क्लाउदिओ पळत गेला आणि आम्ही तिला निरोपाची भेट म्हणून आणलेला पार्मेझान चीजचा तुकडा घेऊन आला, चाकासारख्या गोल लादीचा चांगला पाव भाग. काट्यावर नऊ किलो आणि थोडं वर. वासाच्या भीतीने साहेबांनी स्वतः त्याला फडकी गुंडाळली. इरीदे ते गाठोडं मांडीवर घेऊन बसली, पट्टा बांधला आणि म्हणाली, “चल.”

चेस्टनटच्या रानातून वर जाताना मी ठेवणीतला वेग काढला. लोक इथे डोळे मिटतात. इरीदे बॉनेटवरचा भांग बघत होती. रस्ता वळायचा, आकाश त्या काळ्या विणीवरून सरकायचं आणि रेघ कुठेच तुटायची नाही. तिसऱ्या वळणानंतर तिने विचारलं, “यापेक्षा जोरात जात नाही का ही?” मी दाखवलं. ती इतकी हसली, की मीही हसलो. हे कारखान्यात कुणाला पटत नाही.

तापलेली गाडी थोडा वेळ उभी करून पुन्हा चालू होते का, हे बघायचं असतं. कुठे उभी करायची हे कुठेच लिहिलेलं नाही. मी ती मोंतेफोल्कोच्या चौकात, बारच्या दारात आणून लावली.

आवाज आधीच पोचला होता. म्हातारी मंडळी उठून उभी, आणि एर्मेस हात पुसत बाहेर आलेला. “नेव्हियो, कुणाला आणलंस? मालकीणबाईंना का?”

दार वर उचललं गेलं. इरीदे गाठोड्यासकट उतरली. बाकावरून कुणी हसलं नाही.

 एर्मेस कितीही टोमणेखोर असला तरी मेकॅनिक आहे. हात पुन्हा एकदा पुसून तो बॉनेटपाशी वाकला आणि एक बोट नाकापासून काचेपर्यंत भांगावरून नेलं. मग उलटं खाली आणलं. सांधा शोधत होता. सापडला नाही.

“हे कुणी केलं?” त्याने मला विचारलं.

“शिंपिणीने,” इरीदे म्हणाली.

त्याचे डोळे भरले. आत जाऊन त्याने कॉफी आणली, ती आधी तिला दिली, आणि पैशांचं नाव काढलं नाही. कुणीतरी गाठोडं सोडून चीज चाखायला मागितलं, तर इरीदेने साफ नकार दिला. परतीला वजन कमी पडलं असतं.

आम्ही निघालो तेव्हा गाडी एका झटक्यात चालू झाली. एर्मेस खिडकीशी आला, लहान पोरासारखा घुटमळला. “मला पण ने ना गं, खालच्या पुलापर्यंत. वजन म्हणून.”

इरीदेने चीज मांडीवर नीट घेतलं आणि दार ओढलं.

“तू बसने ये,” ती म्हणाली.